मधल्या खोलीत बाज मावेना

१

जयंती जवळ आली की वस्तीतल्या घराघरातला संसार अंगणात यायचा. गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, पितळी गुंड, भिंतीवरचे बाबासाहेब आणि बुद्ध, सगळे निंबाखाली मांडले जायचे. मग भिंतींचे जुने पोपडे खुरप्यानं खरवडायचे. नाल्यावरून आणलेली पांढरी माती, शेण आणि गव्हाचा भुसा एकत्र भिजवून पायांनी तुडवायचा आणि तो लेप हातानं भिंतींना द्यायचा. लेप वाळला की वरून चुना मारायचा. चुन्यात मूठभर नीळ टाकायची. भीमपूरच्या रस्त्यावरून पाहिलं तर वस्ती नुकत्याच धुतलेल्या निळसर कापडासारखी दिसायची.

दरवर्षी माती तुडवायचं काम मित्राचं असे. तिचं खरं नाव संघमित्रा, पण एवढं लांब नाव फक्त शाळेच्या हजेरीत असायचं. बोटांच्या बेचक्यांतून वर येणारा थंडगार चिखल तिला फार आवडायचा. यंदा मात्र तिला निंबाखाली बसवून ठेवलं होतं. माती तुडवायची नाही, पाण्याचा गुंड उचलायचा नाही, धावायचं नाही. सामानाजवळ बसायचं आणि बकऱ्या हाकलायच्या.

ती बसून पाहत राहिली. पाहणं तिला चांगलं जमायचं. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे, पण कुणाच्या लुगड्याला नवा दंड घातलाय आणि कुणी रडून आलंय, हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं.

संध्याकाळी सामान घरात गेलं. शेवटी मधल्या खोलीतली बाज. ही बाज आजोबांनी, म्हणजे मोतीरामनं, त्या खोलीसाठीच करवून घेतली होती. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ती बरोबर बसायची आणि डोक्याकडं जेमतेम हात जाईल एवढी फट राहायची. मित्राचे बाबा, यशवंतराव मास्तर, एका बाजूनं आणि आत्या दुसऱ्या बाजूनं, अशी दोघांनी बाज आत नेली. पायाकडची बाजू टेकली. डोक्याकडची बाजू भिंतीला अडकली आणि तिरकी वरच राहिली.

"उलटी घातली का गा?" बयनाआत्यानं विचारलं.

"बाजेले उलटं-सुलटं काय असते, बाई?" बाबा म्हणाले. बयनाआत्या त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडं राहायला आली होती, आणि बाबा तिला बाईच म्हणत.

"मंग घुसून काऊन नाई राह्यली?"

"लाकूड फुगलं असंल."

बाबांनी जोर लावला. बाजेच्या खुरावर त्यांचा उजवा हात होता. त्या हाताची करंगळी बाहेर वळलेली होती. गेल्या दिवाळीत सायकलची चेन बसवताना ती दातऱ्यात सापडली आणि तशीच वाकडी बसली होती. जोर लावून बाबांना दम लागला. ते हसले आणि त्यांनी बाज आडवी न ठेवता कोपऱ्यातून कोपऱ्याकडं तिरपी टाकली.

दारात उभ्या असलेल्या मित्राच्या मनात आलं, लाकूड पावसाळ्यात फुगतं. आता तर एप्रिल आहे.



२

जानेवारीत शाळेत खो-खो खेळताना ती पडली होती. ठेच लागली नव्हती. धावता धावता मैदान एका बाजूनं वर उचललं गेलं आणि मग तिला काहीच आठवत नव्हतं. डोळे उघडले तेव्हा बाबांचा चेहरा वर होता. शाळेतल्या शंभर पोरांसमोर मास्तरांसारखा दिसणारा तो चेहरा तेव्हा लहान मुलासारखा दिसत होता.

आदिलाबादच्या दवाखान्यात तिच्या छातीवर थंड गोळा फिरवून फोटो काढला. डॉक्टर तेलुगू होते. मित्राच्या घरच्यांशी ते हिंदीत बोलत. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागं हृदय काढलं, आत चार कप्पे काढले आणि दोन कप्प्यांमधली रेघ पेनानं गिरवून गिरवून जाड केली.

"ये दीवार मोटी हो रही है. मांस बढ़ता है. अंदर जगह कम. समझे?"

"समझा," बाबा म्हणाले.

"घर में किसी को ऐसा था? अचानक कोई गया?"

बाबांनी खाली पाहिलं. मोतीराम आजोबा कपाशीच्या शेतात, बांधावर बसल्या बसल्या गेले होते. आणि दौलतकाका, बाबांचा धाकटा भाऊ, कबड्डीच्या डावात. गडी बाद करून परत आला, रेघेला हात लावला आणि तिथंच राहिला. तेव्हा मित्रा जन्मलीही नव्हती. वस्तीत लोक म्हणत, त्या घरातल्या माणसांना नजर फार लवकर लागते.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "ये खून में चलता है, सर. आपके पिताजी, आपका भाई, अब बेटी. बीच में आप हो. आप भी टेस्ट करा लो."

"करतो ना साहेब," बाबा गडबडून मराठीतच म्हणाले.

बसमध्ये त्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. आई खिडकीकडं तोंड करून बसली होती. तिचं नाव विमल, पण वस्तीत सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुमचा फोटो कधी काढाचा?"

"मले काय झालं? रोज सायकलनं भीमपूरले जातो."

"दौलतभाऊ बी कबड्डी खेळतच होते."

"जनगणनेचं काम येऊन राह्यलं. थे झालं की जाऊ."

मित्रा दोघांच्या मधे बसली होती. आपल्या छातीत एक भिंत आहे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

३

गोळ्या सुरू झाल्यापासून दुपारी फार लांबल्या होत्या. गोळी घेतली की सगळं पाण्याखाली गेल्यासारखं व्हायचं. कोंबड्यांचा आवाज दुरून यायचा. छपरावरच्या कवेलूंच्या फटीतून आलेला उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकताना डोळ्यांना दिसायचा. दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. मित्रा मधल्या खोलीत तिरप्या बाजेवर पडून राहायची. ती खोली घरात सगळ्यात गार होती. खिडकी नव्हती. नीळ घातलेल्या चुन्यामुळं आतला अंधारही निळसर वाटायचा, नदीत डुबकी मारून डोळे उघडल्यावर दिसतो तसा.

अशाच एका दुपारी तिला तो आवाज ऐकू आला.

धप्. धप्. ओल्या मातीत कुणी पाय टाकावा तसा. तिला वाटलं, कुणाच्या तरी अंगणात अजून सारवण चाललंय. मग आठवलं की जयंती होऊन गेली. मिरवणूक झाली, बुंदी वाटली, पताका उतरल्या. आता कोण माती तुडवणार?

धप्. धप्. मग एक थांबा. मग दोन घाईघाईनं, मागं राहिलेलं पोर धावत येऊन रांगेत शिरावं तसे.

माझंच असेल, ती स्वतःशी म्हणाली. उशीला कान दाबला की आपलेच ठोके ऐकू येतात, हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी नाडी पाहायला शिकवली होती. तिनं डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली. तिची नाडी गोळीमुळं संथ, एकसारखी चालली होती. तिच्यात थांबा नव्हता आणि घाईही नव्हती.

ती उठली. भिंतीला कान लावला. आवाज तिथं होता. मागच्या भिंतीत, कमरेइतक्या उंचीवर.

ती हळूहळू चालत बाहेर आली आणि घराला वळसा घालून मागच्या बोळात गेली. बोळात शेजाऱ्यांच्या तुराट्या रचलेल्या होत्या. एक कुत्रं सावलीत पाय ताणून झोपलं होतं. दुसरं काही नव्हतं. तिनं बाहेरून भिंतीला कान लावला. ऊन खाल्लेल्या मातीचा चटका बसला. आवाज नव्हता.

"तिथं काय करून राह्यली गं पोरी?" बयनाआत्या परसातून ओरडली. "भितीले कान लावून कोणाच्या गोष्टी ऐकतं?"

"कुणाच्या नाई, आत्या."

"मंग ये घरात. ऊन लागंल. आदीच तुह्या अंगात हाय काय?"

४

आवाज रोज यायचा नाही. बाबा जनगणनेची थैली घेऊन उन्हात फिरायचे, त्या दिवसांत तो जलद असायचा. रविवारी बाबा ओट्यावर पेपर तोंडावर घेऊन झोपायचे, तेव्हा तो संथ व्हायचा, कधी कधी इतका की मित्रा पुढच्या ठोक्याची वाट पाहता पाहता स्वतःचा श्वास घ्यायची विसरायची. दोन गोष्टी शेजारी होत्या, पण तिनं त्या अजून एकत्र ठेवल्या नव्हत्या. आजारी माणूस स्वतःबद्दलच विचार करतो. तिला वाटायचं, ही भिंत माझी आहे. आत माझी जाड होतेय, बाहेर ही. ज्या दिवशी खोलीत बाज तिरपीही मावणार नाही, त्या दिवशी काय होईल?

मग तिचं दुसरं मन तिला दटावायचं. मास्तरची पोरगी ना तू? भिंत कधी वाढते का?

एका दुपारी ती उभी राहून वितीनं खोली मोजू लागली. आत्या सुपात तूर पाखडत दारात बसली होती. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "मोजू नको. लहान झाली हाय थे."

मित्राची वीत भिंतीवरच थांबली.

"म्या केली," आत्या म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं. "बाकीच्या भिती खरवडून मंग लेप देतो आपून. ही मागची भित म्या कधीच खरवडू नाई देली. लेपावर लेप. वीस-बावीस वर्सं झाली. व्हईल ना जाड?"

"काऊन, आत्या?"

"दौलत गेला, त्याच्या आदल्या जयंतीले म्या ही भित लिपली. ओली होती. थो आला न् मस्करीत पंजा लावला. म्हणे, बाई, तुह्या कामावर माही सही. म्या लय शिव्या देल्या. पंजा मोडून पुन्हा लिपाची होती, तं यशवंता म्हणे, राहू दे." तिनं पदरानं नाक पुसलं. "मंग थो गेला. म्या थो पंजा खरवडू कशी? अन् रोज पाहू बी कशी? झाकून टाकला. दरसाल झाकते."

मित्राला एकदम हलकं वाटलं. तर एवढंच होतं. भिंत वाढत नव्हती, आत्या वाढवत होती. लाकूडबिकूड काही नाही, बावीस वर्षांची माती. आणि आवाज? उंदीर असतील, पोकळ लेपांच्या मधून पळणारे. ती हसली सुद्धा.

"हासतं काऊन?"

"काई नाई, आत्या. दौलतकाकाचा हात कसा होता?"

"लहान. पोरीसारखा. चुलत्यावरच गेली तू." आत्यानं तिचा हात हातात घेऊन उलटा-सुलटा केला. "असाच."

५

निकाल लागला. मराठी शाळेत ती पहिली आली, आणि जूनच्या शेवटी कळलं की बासरच्या कॉलेजात तिला सीट लागली आहे. बासरचं कॉलेज निघून दोनच वर्षं झाली होती. खेड्यातल्या शाळांतून पहिल्या आलेल्या मुलांना तिथं घेत. राहणं-जेवण तिथंच. वस्तीतून तिथं जाणारी ती पहिलीच.

बाबांनी पेढे वाटले. किराणा दुकानदारानं "पंतुलुगारू, बिड्डा हुशार", म्हणजे गुरुजी, लेक हुशार, असं अर्धं तेलुगू, अर्धं मराठी कौतुक केलं. आई मात्र चुलीपुढून उठली नाही.

"तिथं चार माळे चढावं लागतात म्हणे," ती म्हणाली. "पडली-झडली तं कोण पाहीन?"

"डॉक्टर पाहतीन. कॉलेजात दवाखाना हाय," बाबा म्हणाले.

"तुमाले नाव पाह्यजे. मले पोरगी पाह्यजे."

"विमल, घरात ठेवली म्हंजे वाचते का पोरगी? माहा बाप घरचाच होता. बांधावर गेला. पोरीनं भिती पाहत बसावं का जनमभर?"

मित्रा मधल्या खोलीत बसून सगळं ऐकत होती. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्याची तिला लाज वाटत होती. जायच्या आधी पुन्हा दवाखान्यात नेऊन तिचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "जितना था, उतना ही है. गोली लेती रहो. पढ़ने भेज दो." मग त्यांनी बाबांकडं पाहिलं. "और आप?"

"जनगणना झाली की येतो, साहेब."

घरी येऊन मित्रानं बाज हलवून पाहिली. जितकं होतं तितकंच, असं डॉक्टर म्हणाले होते. पण बाज आता तिरपीही अडकत होती. जयंतीनंतर भिंतीला कुणी लेप दिला नव्हता.

६

"मी गेल्यावर आई इथं झोपंल," ती बाबांना म्हणाली. "बाज सरळ बसली पाह्यजे. भिंत खरवडू का आपण?"

आत्या घाटंजीला नातेवाइकाच्या लग्नाला गेली होती. बाबांनी इकडं-तिकडं पाहिलं. "बाई येच्या आत करावं लागंल," ते चोरासारखे हसले आणि खुरपं घेऊन भिडले. वरचे पापुद्रे शिळ्या भाकरीसारखे निघाले. निळा, पांढरा, पुन्हा निळा. जिथं दौलतकाकाचा पंजा असायला हवा होता, ती जागा त्यांनी सोडली आणि बाजूनं खरवडत गेले. थोड्याच वेळात त्यांनी खुरपं ठेवलं. कपाळावरचा घाम ते पुन्हा पुन्हा पुसत होते.

"बाबा?"

"उकडून राह्यलं इथं. उरलेलं उद्या करू." ते ओट्यावर जाऊन पडले. लगेच झोप लागली.

मित्रा बाजेवर बसली. बसल्या बसल्याच, दम न लागू देता, तिनं खुरप्याच्या टोकानं मधल्या जागेचे पापुद्रे सोडवायला सुरुवात केली. तिला काकाचा पंजा पाहायचा होता. ज्याच्यासारखा आपला हात आहे असं आत्या म्हणाली होती, त्याची ती सही.

आवाज सुरू होता. धप्. धप्. थांबा. उंदीर, ती म्हणाली. एकेक थर सुटत गेला. हा मी शाळेत गेले तेव्हाचा असेल. हा मी रांगायला लागले तेव्हाचा. हा मी नव्हते तेव्हाचा. खालची माती ओलसर होत गेली. इतक्या थरांखाली, बंद भिंतीत, कशी ओल राहील? तिनं बोटानं चाचपलं. माती ओली होती आणि कोमट होती, झोपलेल्या वासराच्या पोटासारखी.

मग एक मोठा पोपडा आपोआप सुटून तिच्या मांडीवर पडला.

पंजा होता.

ओल्या मातीत कुणी हात लावला तर खळगा पडतो. हा खळगा नव्हता. हा पंजा भिंतीतून बाहेर आलेला होता. तळव्याची उशी, बोटांची पेरं, सगळं वर उठलेलं, जणू मागच्या बाजूनं कुणी हात टेकून ढकलत होतं आणि माती तेवढ्याच आकारानं पुढं आली होती.

मित्रानं आपला हात उचलून त्याच्यावर धरला, टेकवला नाही, नुसता धरला. आपला असेल तर आत्ताच कळू दे, असं तिला वाटलं.

तिचा हात लहान होता. भिंतीतली बोटं तिच्या बोटांच्या कितीतरी पुढं गेली होती.

माझा नाही. तिला रडू आलं, इतकं बरं वाटलं. माझा नाही, आणि काकाचाही नाही, काकाचा तर माझ्याएवढाच होता. ती डोळे पुसत मागं सरकली आणि तेव्हा, कवडशात, तिला करंगळी दिसली.

करंगळी बाहेर वळलेली होती.

गेल्या दिवाळीला. सायकलची चेन. आणि ह्या पंज्यावरचे थर तिच्या जन्माच्या आधीचे.

ओट्यावर बाबांनी झोपेत खोल श्वास घेतला. भिंतीत दोन ठोके घाईघाईनं पडले. मित्रानं इतके दिवस शेजारी शेजारी पडलेल्या त्या दोन गोष्टी, भिंतीतला ठोका आणि बाबा, आता एकत्र ठेवल्या. बीच में आप हो, डॉक्टर म्हणाले होते.

तिनं तांब्यात पाणी घेतलं, खाली पडलेली माती कालवली आणि तो पंजा झाकून टाकला. आत्यानं झाकला होता तसाच. हात धुताना तिच्या लक्षात आलं की ह्या घरात सगळे हेच करत आले आहेत.

७

निघायच्या सकाळी आभाळ भरलेलं होतं. भीमपूरहून आदिलाबादची बस, तिथून बासरची. आत्यानं शिदोरी बांधली होती. भिंत खरवडली म्हणून ती भावाशी दोन दिवस बोलली नव्हती, पण मधला लेप ताजा पाहून तिनं मित्राकडं एकदा पाहिलं होतं.

पेटी मधल्या खोलीत भरून ठेवली होती. मित्रानं उचलायची नव्हती, म्हणून बाबांनी उचलली. एका हिसक्यात खांद्यावर घेतली.

"पुस्तकं भरली का दगडं?"

"जीपवाल्या फकिराला बोलवा ना, बाबा. तो रस्त्यावरच उभा हाय."

"मले म्हातारा समजते का तू?"

ते दाराकडं निघाले आणि थांबले. पेटी खांद्यावरून घसरत खाली आली, ती त्यांनी जमिनीवर टेकवली. ते हसत होते. ओठांभोवती पांढुरकं झालं होतं. आधारासाठी त्यांनी उजवा हात मागं टाकला आणि भिंतीला टेकवला.

मित्रानं पाहिलं. हात कुठं टेकेल, हे तिला आधीच ठाऊक होतं. लेप सपाट होता, तिनंच दिला होता, वाळूनही गेला होता. हात बसला, वाकड्या करंगळीसकट, जसा पाय रोजच्या चपलेत बसतो.

"ही भित गरम काऊन लागून राह्यली गं?" बाबांनी विचारलं.

"हात काढा, बाबा."

"काढतो ना. जराक दम घेऊ दे."

"आत्ता काढा."

तिचा आवाज एवढा मोठा कुणी कधी ऐकला नव्हता. आई चुलीजवळून उठून आली, मागून आत्या. बाबांनी हात ओढला. क्षणभर तो आला नाही. मग सुटला. भिंतीवर काहीच नव्हतं, खळगा नाही, उंचवटा नाही. बाबांनी तळवा पाहिला आणि विजारीला पुसला. विजारीवर ओल्या मातीचा पट्टा उठला.

मित्रा पेटीवर बसली. दाराच्या मधोमध. तिनं बाबांचं मनगट धरलं आणि डॉक्टरांनी शिकवलं तशी दोन बोटं ठेवली.

"चाल, बस सुटंल," बाबा म्हणाले.

"सुटू द्या. मी जात नाई."

"अवं, उद्या हजर नाई झालं तं सीट जाईन पोरी. वस्तीतून कोणी गेलं नाई आजवर."

"जाऊ दे गेली तर. आधी तुमचा फोटो. आज. मग मी बासरले जाते."

बाबांनी आईकडं पाहिलं, मदतीसाठी. आई पदर खोचत होती. ती म्हणाली, "फकिराले म्हणा, जीप काढ. आदिलाबादले जाचं हाय. बसनं नाई." आणि आत्या, जिनं बावीस वर्षं त्या भिंतीला कुणाला हात लावू दिला नव्हता, ती कोपऱ्यातलं खुरपं उचलून अनवाणीच रस्त्याकडं पळाली. हातात काय आहे, ह्याचं तिला भान नव्हतं.

"बाया येड्या झाल्या," बाबा म्हणाले. पण ते भिंतीला पाठ लावून हळूच खाली बसले. "बरं. फोटो तं फोटो. हासू का त्याच्यात?"

"हासा," मित्रा म्हणाली.

बोटांखाली नाडी लागली. एक. दोन. त्याच वेळी बाबांच्या पाठीमागं भिंतीत, धप्. धप्. तिच्यावाचून कुणालाच तो ऐकू येत नव्हता. बाहेर आत्या फकिराला हाका मारत होती, जीपचं दार वाजलं, बाबा तिच्याकडं पाहून हसायची तयारी करत होते.

मग थांबा आला.

मनगटात आणि भिंतीत, दोन्हीकडं एकदमच. मित्रानं बोटं घट्ट दाबली आणि पुढच्या ठोक्याची वाट पाहू लागली.